चाराने भागलेला खडक

आमच्या घरात एक नियम आहे. बाबांनी सांगितलेल्या कुठल्याही आकड्याला चाराने भागायचं.

नियम माझ्या बायकोचा. ती पहाडगंजच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिने तो हवेत केलेला नाही. लग्नानंतरची दोन वर्षं माझी विधानं तपासली, सरासरी काढली आणि मग जाहीर केला. मी म्हणालो, गाझियाबाद स्टेशनवर माकडाने माझ्या हातातून बारा केळी पळवली, की ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "तीन." मी म्हणालो, पाहुण्यांना पानिपत दाखवायला नेलं आणि हायवेवर आठ तास अडकलो, की "दोन." मी हातांनी मापं दाखवायला लागलो, एवढा साप, एवढी जिलबी, की ती उठून यायची, माझी दोन्ही मनगटं धरून हात जवळ आणायची आणि पाहुण्यांना म्हणायची, "हां, आता बघा."

आमची मुलगी बोलायच्या आधी भागाकार शिकली. (ह्याला भागू नका, हे साफ खोटं आहे.)

हे हसत सांगतोय खरा. पण यंदा मे महिन्यातल्या एका मंगळवारी ह्याच नियमाने मला असं घाबरवलं, की अजून कोणी माझ्यासमोर वहीत भागाकार मांडला तर मी खोलीबाहेर जातो.

आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर भीती कशाची ते कळणार नाही.

मी परभणीचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला वयाच्या चोविसाव्या वर्षी. आणि गेली एकोणीस वर्षं मी समुद्राच्या तळाचे नकाशे करतो. कुठे? नोएडात. खिडकीतून दिसतो फ्लायओव्हर. समुद्र हजार किलोमीटरवर. चाराने भागलंत तरी पोहायला जाता येणार नाही.

जहाज चालता चालता खाली आवाज सोडतं, पंख्यासारखा पसरलेला. तो तळावर आपटून परत येतो. किती वेळाने आला, त्यावरून खोली कळते. शेतात नांगर फिरवावा तसं जहाज इकडून तिकडे, तिकडून इकडे जातं आणि एकेका फेरीत लाखो ठिपके गोळा होतात. ते ठिपके आमच्याकडे येतात. पण समुद्र माझ्याच वळणाचा आहे, थापा मारतो. मध्येच माशांचा थवा आला, बुडबुडे आले, जहाजाचं इंजिन खोकलं, की सपाट तळावर एकदम सुळका उमटतो. ह्यांना आम्ही काटे म्हणतो. माझं काम काटे पुसायचं. माउसने चौकट ओढायची, बटण दाबायचं, काटा गेला. घरीदारी थापा मारणारा माणूस सरकारने समुद्राच्या थापा पकडायला बसवलाय, आणि सांगायला हरकत नाही, माझ्याइतका स्वच्छ तळ आमच्या अख्ख्या नकाशा केंद्रात कोणी काढत नसे.

फक्त एक वाईट सवय होती. चांगला काटा पुसायच्या आधी मी त्याचा फोटो काढून ठेवायचो. कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता, नाव 'थापा'. त्यात एक उंट होता, एक शेंडीवाला पुजारी होता, भिंतीला टेकलेली एक बाई होती. चहाच्या वेळी ती चित्रं उघडून मी प्रत्येकाची कहाणी सांगायचो. आमचे साहेब मेरठचे, हसून हसून त्यांच्या बशीत चहा सांडायचा.

"यार, तुम समंदर को भी नहीं छोड़ते," म्हणायचे.

आता मुलीचं. ती वाढली गाझियाबादच्या पाचव्या मजल्यावर. तिला 'ओंजळ' शब्द येत नाही, "दोन्ही हातात मावेल तेवढं, बाबा" असं म्हणते. लहानपणी जेवायला त्रास द्यायची, म्हणून मी तिला एक गोष्ट सांगायचो. खाली, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे एका खडकावर एक मासा राहतो. तो पोहत नाही. आपण पायांवर उभे राहतो तसा तो आपल्या परांवर उभा राहतो आणि वाट बघतो. कोणाची? जेवण संपवणाऱ्या मुलीची. मला वाटत होतं, मी हे बनवून सांगतोय. कॉलेजात गेल्यावर तिने एके दिवशी एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं. त्यात तो मासा होता. हातभर, फिकट, डोळे मोठे, परांवर उभा. फार थोड्या लोकांनी जिवंत पाहिलेला.

आयुष्यात माझी एकच थाप खरी निघाली, आणि तिने माझी मुलगी समुद्रावर नेली.

असा मासा शोधायचा म्हणजे अख्खा समुद्र धुंडाळता येत नाही. नकाशा बघायचा. कुठे उतार आहे, कुठून आवाज खणखणीत परत येतो म्हणजे खाली खडक आहे, कुठून मेल्यासारखा येतो म्हणजे चिखल आहे. हा मासा कठीण जागी राहतो. तेव्हा कठीण जागा हेरायच्या आणि त्यांच्यावरून कॅमेरा न्यायचा. लोखंडी पिंजऱ्यात बसवलेला कॅमेरा, किलोमीटरभर पोलादी तारेच्या टोकाला, तळापासून चार मीटरवरून जहाजामागे ओढत न्यायचा. पिंजऱ्याला खाली किती अंतर आहे ते कळतं. पुढे काय आहे ते कळत नाही.

पुढचं माझा नकाशा बघतो.

आणि आता ती गोष्ट, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. मी आयुष्यात एकदाच जहाजावर गेलोय. लोकांना दोन महिने सांगतो, बायकोच्या हिशेबाने पंधरा दिवस, खरे नऊ. सातव्या दिवशी अशीच एक तार खाली कशात तरी अडकली. जहाज पुढे चाललेलं. मी मागच्या डेकवर चहा पीत होतो, जहाजाच्या स्वयंपाक्याशी गप्पा चालल्या होत्या. तो साखर आणायला आत गेला आणि तार तुटली. आवाज मोठा नव्हता. फळ्यावर खडू मोडावा तेवढा. सुटलेली तार डेकवरून गेली, ती मला दिसलीसुद्धा नाही. दिसलं ते नंतर. मनगटाएवढ्या जाड लोखंडाचं रेलिंग आत वाकलेलं, नेमकं स्वयंपाकी टेकून उभा होता तिथे. तो साखर घेऊन आला, रेलिंगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या कपात चमचा ढवळत राहिला. त्या कपात चहा उरलेला नव्हता.

ह्या गोष्टीला मला कधी मीठमसाला लावता आला नाही, म्हणून ती सांगता आली नाही. मुलगी पहिल्या सफरीला निघाली तेव्हा नवी दिल्ली स्टेशनवर अगदी ओठांवर आली होती. त्याऐवजी मी तिला उडत्या माशांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "चाराने भागलं बाबा, चला, बाय."

आता तो मंगळवार. मुलगी समुद्रावर होती, मी नोएडात.

सकाळी अकरा. चहा आला. साहेबांना दाखवायला मी फोल्डर उघडला. मार्चमध्ये एक देखणा काटा पुसला होता, सरळसोट, त्याचं नाव मी 'कुतुबमिनार' ठेवलं होतं. एप्रिलमध्ये दुसरा एक, त्याचं नाव 'मेणबत्ती'. दोघांची जोडी लावून एखादी प्रेमकथा रचावी असा विचार होता. चित्रं शेजारी शेजारी ठेवली. प्रत्येक चित्राच्या तळाशी जागेचे आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. ते मी कधी वाचत नाही, कोण वाचतो. त्या दिवशी नजर गेली.

दोन्ही आकडे एकच होते.

पुन्हा वाचले. बोट ठेवून वाचले. पहिल्या फेरीत जहाज उत्तरेला चाललं होतं, दुसऱ्या फेरीत, बारा दिवसांनी, पूर्वेला. बुडबुडा बारा दिवस एका जागी थांबत नाही. माशांचा थवा थांबत नाही. आणि थाप तर नाहीच थांबत. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तीच थाप दुसऱ्यांदा सांगताना जागा बदलतेच बदलते.

म्हणजे तो काटा नव्हता. खाली, आठशे मीटर पाण्याच्या तळाशी, खरोखरचा खडक उभा होता आणि मी तो पुसला होता. एकदा नव्हे, दोनदा. पुसून तिथे असा गुळगुळीत सपाट पट्टा काढला होता, की बघणाऱ्याला वाटावं, चला, इथून कॅमेरा न्यायला किती सोपं. आणि बघणाऱ्याला तसंच वाटलं होतं. उताराच्या पायथ्याने कॅमेरा नेण्याची रेघ मुलीने आखली होती. ती मी पाहिली होती, "छान" म्हणालो होतो. रेघ त्या खडकातून जात होती. कॅमेरा सोडायचा दिवस दुसऱ्या दिवशीचा, बुधवार.

साहेबांची केबिन माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर आहे. (बाराच.) मी उठून जायला हवं होतं. नाही गेलो. साहेबांसमोर उभं राहून "सर, मी पुसला" म्हणायचं, आणि तोही त्याच फोल्डरमधला, ज्यावर ते इतकी वर्षं हसले? मला वाटलं, हळूच, घरच्या घरी मिटवावं. मुलीला मेल टाकली. आणि भीती झाकायला माझ्याकडे एकच कापड आहे, तेच पांघरलं. लिहिलं:

"प्रिय कॅप्टन, उद्याच्या तुझ्या वाटेत कुतुबमिनार उभा आहे. उंची त्र्याहत्तर मीटर. बाजूला हो म्हणून विनंती केली, तो म्हणतो मी आधी आलोय. तेव्हा तूच वरून जा. बाबा."

जहाज जुनं. त्यावरची मेल दिवसातून चारपाच वेळा गठ्ठ्याने जाते आणि येते. माझी बाराच्या गठ्ठ्यात गेली. मी डबा खाल्ला. वर भेंडी चांगली झाल्याचं बायकोला कळवलंसुद्धा. एक वीसला उत्तर आलं.

"बाबा!! नियमाप्रमाणे चाराने भागलं. अठरा आले. तरी तुमच्या मनाच्या शांतीसाठी कॅमेरा चारऐवजी पंचवीस मीटरवरून नेते, आता खूश? आणि उद्या नाही, आजच दुपारी तीनला सोडतोय, हवा बिघडणार म्हणतात. मी मागच्या डेकवर आहे. तारेचं रीळ आज माझ्या ताब्यात दिलंय!!! तुमची कॅप्टन."

मी इतका घाबरलो, की एरवी इथे मी एक उपमा दिली असती. सुचत नाही. पाय खुर्चीखाली आहेत ना, ह्याची मला वाकून बघून खात्री करावी लागली.

पंचवीस मीटर म्हणजे खडकाच्या ऐन कमरेत. पिंजरा खाली बघत जाणार, खाली सगळं मोकळं. जहाज पुढे ओढणार. तार ताणणार. आणि रिळाशेजारी कोण उभं, तर मी जिला वीस वर्षं शिकवलं, की बाबांचं काहीही खरं धरायचं नाही.

ताबडतोब उत्तर लिहिलं, "भागू नकोस. त्र्याहत्तर खरे आहेत. खरे आहेत." ते जाऊन बसलं पुढच्या गठ्ठ्यात. पुढचा गठ्ठा पाचला.

मग ती बारा पावलं चाललो.

"सर, एक पत्थर है।"

साहेब बडीशेप चघळत होते. "कौन सा वाला? ऊँट या पुजारी?"

"सर, कहानी नहीं है।"

"ये तो तुम हर कहानी से पहले बोलते हो, यार."

मी सांगायला लागलो आणि माझ्याच कानांना ती थाप वाटायला लागली. बारा दिवस, दोन फेऱ्या, एकच जागा, कुतुबमिनार, मेणबत्ती, आणि रिळावर नेमकी माझीच मुलगी. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलायला लागला होता. मी मनात म्हटलं, हसू नका साहेब, पाया पडतो, आज हसू नका. त्यांना ओढतच माझ्या टेबलापाशी आणलं. पुसलेले ठिपके खरे पुसले जात नाहीत, राखाडी होऊन आत पडून राहतात. ते परत काढायचे, एका फेरीचे लाल, दुसरीचे निळे, आणि एकावर एक ठेवायचे. मी लाल काढले. निळे काढायला बटण दाबलं आणि लाइट गेली.

बाहेर आंधी आली होती. खिडकीतला फ्लायओव्हर नाहीसा झालेला, सगळं पिवळं, काचेवर वाळू तडतडतेय. मे महिन्यात दिल्लीकडे हे व्हायचंच, एरवी मी खिडकीशी उभा राहून मजा बघतो. त्या दिवशी मी काळ्या स्क्रीनकडे बघत उभा होतो आणि त्यात मला माझं तोंड दिसत होतं. जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागला ते मला विचारू नका, मी चार तास सांगेन.

लाइट आली. मशीन सुरू झालं. लाल काढले, निळे काढले. लाल मनोरा होता. निळा मनोरा त्याच्यात जाऊन बसला, तलवार म्यानात जावी तसा.

साहेबांची बडीशेप थांबली.

"ये साफ किसने किया?"

"मैंने।"

"दोनों बार?"

"दोनों बार, सर."

साहेब वळले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. केबिनमध्ये जाऊन त्यांनी जहाजाचा फोन लावला. लागेना. पुन्हा. लागेना. आंधीमुळे असेल, नसेल. तिसऱ्यांदा लागला तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांनी स्पीकर सुरू केला. पलीकडून खरखर, आणि त्या खरखरीतून एक शांत माणूस बोलला. असे शांत आवाज ऐकले की मला जास्त भीती वाटते.

"कैमरा? वो तो पानी में है सर. नीचे पहुँच भी गया।"

साहेबांनी एका दमात सांगितलं. जागेचे आकडे, खडक, त्र्याहत्तर मीटर, कॅमेरा ताबडतोब वर घ्या.

"रुकिए, पीछे मैडम को रेडियो पे बोलता हूँ।"

खरखर. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतो, सगळ्या सुट्ट्या वाचल्या.

"सर, मैडम को पता है। पच्चीस पे ले जा रही हैं।"

"पच्चीस नहीं! तिहत्तर है! उसके ऊपर!"

पुन्हा खरखर. आणि मग तो शांत माणूस जरा हसल्यासारखं बोलला, "सर, मैडम हँस रही हैं। बोलती हैं, तिहत्तर तो पापा का नंबर है, पापा आपके पास भी पहुँच गए।"

साहेबांनी हळूच फोन माझ्याकडे सरकवला.

हे मी नीट सांगू शकणार नाही. माझी मुलगी तिकडे वाऱ्यात रिळाशेजारी उभी राहून हसत होती, कारण तिच्या बापाची तिला ओळख होती. मी आता काहीही बोललो असतो, ओरडलो असतो, रडलो असतो, तरी ते तिने भागलंच असतं. रडण्यालासुद्धा चाराने भागतात आमच्या घरात. माझ्याकडे खरं बोलायला काही उरलंच नव्हतं. म्हणून मी खोटं बोललो.

"जगह से कितना दूर हैं आप?"

"होंगे कोई पाँच-छह सौ मीटर।"

"मैडम को बोलिए, मम्मी ने कहा है, आज चार से भाग नहीं देना है।"

"चार से... क्या सर?"

"भाग. डिवाइड. मम्मी ने कहा है. बस इतना ही बोलिए, और कुछ मत जोड़िए।"

"ये कोई कोड है क्या सर?"

"हाँ," मी म्हणालो. "कोड है।"

खरखर. बराच वेळ खरखर. मग तो माणूस परत आला आणि ह्या वेळी हसत नव्हता. "सर, मैडम एकदम चुप हो गई हैं। बोल रही हैं, केबल खींच..."

आणि फोन कटला.

साहेबांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. बाहेर एक पत्र्याचा बोर्ड आपटत होता. पाचशे मीटर म्हणजे जहाजाच्या त्या चालीने पंधरा-वीस मिनिटं. केबल खेचली की खेचायला सांगितली? रीळ फिरलं की अडकलं? किती वर घेतली? मला काहीच कळायचा मार्ग नव्हता. मी बाहेर व्हरांड्यात आलो. वाळू दातात येत होती. बायकोला फोन लावला. शाळा सुटून ती वह्या तपासत बसली होती.

"अगं, मी तुझ्या नावाने खोटं बोललोय."

"आता काय केलंत?"

सगळं सांगितलं. ती नंतर म्हणाली, सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा एखादी गोष्ट चार वाक्यांत संपवली. रेलिंगचं मात्र तेव्हाही नाही सांगितलं. नुसतं म्हटलं, तार तुटली तर वाईट असतं.

"किती मीटर म्हणालात?"

"त्र्याहत्तर."

"फोनवर तुमचे हात धरता येत नाहीत म्हणून विचारते. खरे?"

"एका फेरीत त्र्याहत्तर. दुसरीत एकोणसत्तर. मी मोठा सांगितला."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. लाल पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

"मग खोटं कुठे बोललात?" ती म्हणाली. "भागू नको असं मी सांगतेय की. आत्ता सांगतेय. वेळ जरा मागेपुढे झाली."

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. आम्ही दोघं, ती पहाडगंजला आणि मी नोएडात, एकमेकांच्या कानात श्वास घेत उभे होतो आणि मधल्या सगळ्या दिल्लीवर वाळू पडत होती. एकदा तिने विचारलं, "ती रिळापासून लांब उभी असेल ना हो?" मी "हो" म्हणालो. ती म्हणाली, "किती लांब?" मला आकडा सांगता आला नाही.

चारला दहा कमी असताना साहेब स्वतः दारात आले. त्यांचा चेहरा बघून काही समजेना.

"निकल गए ऊपर से," ते म्हणाले. "नब्बे पे लिया था।"

मी खाली बसलो. व्हरांड्यात, वाळूत, पँटसकट. फोनमधून बायको "काय झालं, काय झालं" विचारत होती आणि मला "नव्वद" एवढाच शब्द येत होता. "नव्वद, नव्वद," मी म्हणत होतो. तिने नाही भागलं.

दोन दिवसांनी मुलीची मेल आली. हवा सुधारल्यावर ते त्या खडकावर परत गेले होते, वरून सुरुवात करून हळूहळू बाजूने उतरत. सोबत एक फोटो होता. काळं पाणी, दिव्याच्या उजेडात खडकाची खडबडीत कड, आणि चित्राच्या अगदी कोपऱ्यात काहीतरी फिकट. मोठा डोळा. दोन पर खडकावर टेकलेले. पोहत नव्हता. उभा होता.

"बहुतेक तोच," तिने लिहिलं होतं. "पण अजून नक्की नाही, कोणालाही सांगायचं नाही. बाबा, कोणालाही म्हणजे कोणालाही. आणि खडक एकोणसत्तर मीटर निघाला. चार वाढवलेत."

तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी माशाकडे नंतर बघितलं. आधी खडकाकडे बघत बसलो. केवढा काळा, केवढा उभा, आणि मी तो दोन वेळा चौकटीत घेऊन बटण दाबलं होतं. मग मनात आलं, एकोणीस वर्षांत असे आणखी किती? हाच प्रश्न साहेबांनाही पडला होता. माझ्या सगळ्या जुन्या फेऱ्या मलाच पुन्हा तपासायच्या आहेत. रोज बसतो. प्रत्येक काट्याशी थांबतो. बोट बटणावर असतं आणि दाबवत नाही. उंटसुद्धा परत काढून तपासला. उंट बुडबुडेच होते, तरी त्या दिवशी मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

जूनमध्ये मुलगी घरी आली. रंगाने काळवंडलेली, आवाज मोठा झालेला. तिसऱ्या पोळीवर असताना सहज म्हणाली, "त्या दिवशी ना आई, तुझा निरोप आला तेव्हा मी रिळाला हात लावून उभी होते. तार इतकी जवळ होती की ती गुणगुणते ते ऐकू येत होतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितली. जहाज, नऊ दिवस, सातवा दिवस, चहा, साखर. खडूएवढा आवाज.  मुलीचा घास तसाच हातात राहिला.

"किती वाकलं होतं रेलिंग?" बायकोने विचारलं.

मी दोन्ही हात समोर धरून दाखवलं. ती जागेवरून उठली नाही. मुलगीही नाही. हात तेवढेच राहिले, जेवढे मी धरले होते. मग मीच ते खाली घेतले.